मडकं कोण धरणार?

‘‘माझ्या तोंडात सोनं घालू नका. उगंच राखेत हुडकत बसाल.’’

आत्यानं सांगितलेली ही पहिली सूचना. ती मी वहीत लिहून घेतली. शंभर पानी वही तिनंच मागवली होती आणि मास्तरकीच्या सवयीनं पानापानावर समासही आखून ठेवला होता. अँजिओप्लास्टी होऊन ती नुकती घरी आली होती. आधी तिनं दादाला बसवून पाहिलं, पण ‘असलं काय अभद्र बोलतेस’ म्हणत तो अर्धा चहा ठेवून उठला. मी पुण्याहून चार दिवस राहायलाच आलेली, मला उठून कुठं जायला जागा नव्हती.

‘अभद्र बोलू नये’ हे वाक्य मला जरा गमतीचंच वाटतं. विमा एजंट समोर बसला की आपण स्वतःच्या मरणाबद्दल तासभर निवांत बोलतो. हप्ता किती, नॉमिनी कोण, अपघातानं गेलो तर दुप्पट का, सगळं विचारून घेतो. पण घरातलं म्हातारं माणूस ‘मला कुठली साडी नेसवाल?’ म्हणालं की सगळ्यांना एकदम कामं आठवतात.

आत्याला ही वही का सुचली हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. १९९३ च्या पावसाळ्यात मामा, म्हणजे तिचे यजमान, गेले. मी तेव्हा शाळेत होते. मामांना दमा होता. उदबत्तीचा वास आला तरी त्यांना धाप लागायची, म्हणून आत्या देवापुढं नुसतं निरांजन लावायची. त्याच मामांच्या उशाशी त्या दिवशी उदबत्त्यांचा पुडाच्या पुडा तांदळात खोचून लावला होता. खोलीत माणूस दिसत नव्हतं इतका धूर. आत्या कोपऱ्यात बसून त्या धुराकडं बघत होती. ती नंतर म्हणाली, की हे लोक यांना आता खोकायला लावतील असंच मला वाटत होतं, पण उठून उदबत्त्या विझवायचं धाडस झालं नाही.

मग तिला मोरीपाशी नेलं. एकीनं दंड धरला, एकीनं मनगट दगडावर टेकवलं आणि बांगड्या फोडल्या. एक काच रुतली. डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला तांदळाएवढी पांढरी खूण तिला शेवटपर्यंत होती. त्या बायका दुष्ट होत्या असं मात्र मला म्हणवत नाही. संध्याकाळी पिठलं-भाकरी त्यांनीच आणली, दहा दिवस चूल त्यांनीच सांभाळली, रात्री आत्याजवळ झोपायलाही त्याच आल्या. त्यांना रीत माहीत होती आणि ती पार पाडणं हेच त्या वेळी आपलं काम, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

मयताच्या घरात पहिल्या चार तासांत दोन तऱ्हेची माणसं असतात. काहींना रीत माहीत असते, काहींना गेलेलं माणूस माहीत असतं. पहिल्यांच्या हातात तेव्हा सगळी सूत्रं असतात. ते बांबू आणायला माणूस पाठवतात, निघायची वेळ ठरवतात, पाणी पाजायला कोण कोण राहिलं ते ओरडून विचारतात. दुसरे भिंतीला टेकून बसलेले असतात आणि काहीही विचारलं तरी ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणतात. त्यात त्यांचा दोष नाही. ज्याचं माणूस गेलंय त्यानं त्या घटकेला मापाचा निर्णय घ्यावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून तो आधी घ्यायचा, असं आत्याचं म्हणणं.

२०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. पतीच्या अंत्यविधीवेळी कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. पंधरा दिवसांच्या आत राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा असं सांगितलं. ती बातमी आत्यानं पेपरातून कात्रीनं सरळ रेषेत कापली आणि वहीत चिकटवली. खाली मला लिहायला सांगितलं: ‘जांभळं इरकल नेसवायचं, कपाटात वरच्या खणात आहे. कुंकू लावायचं. विधवेला लावतात का असं कुणी विचारलं तर ही बातमी दाखवायची.’ जरा थांबून म्हणाली, ‘‘आणि उदबत्ती एकच.’’

वहीतला सगळ्यात अवघड प्रश्न होता मडकं कोण धरणार. आत्याला मूलबाळ नाही. मामांचा पुतण्या गावाकडं, त्याच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नाही. दादा आहे, पण तो भाचा, आणि तो तिरडीकडं बघू शकेल की नाही याचीच शंका. आत्या म्हणाली, तू धर.

ती इतिहास शिकवायची, त्यामुळं हा प्रश्न आला की जोतीराव फुले येणारच. जोतीरावांनी १८८७ मध्ये मृत्युपत्र केलं. त्यात आपला देह जाळू नये, मिठात पुरावा अशी इच्छा लिहिली होती. त्यासाठी घरामागं खड्डाही खणून ठेवलेला होता. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले तेव्हा वस्तीत दफन करायला नगरपालिकेनं परवानगी दिली नाही. शेवटी दहनच करावं लागलं. त्यात भाऊबंद उभे राहिले, दत्तक यशवंताला टिटवं, म्हणजे विस्तवाचं मडकं, धरायचा अधिकार नाही म्हणून. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं, अंत्ययात्रेपुढं चालल्या आणि अग्नी दिला.

हे आत्या दरवर्षी वर्गात सांगायची. पण वही समोर घेऊन सांगताना तिनं त्याचा वेगळाच अर्थ काढला. ‘‘बघ, एवढा मोठा माणूस. रीतसर मृत्युपत्र केलं, खड्डा खणून ठेवला. आणि झालं काय? कागदावर होतं ते राहिलंच, आणि कागदावर नव्हतं ते झालं. का? तर तिथं सावित्रीबाई उभ्या होत्या. लिहून ठेवून भागत नाही गं. उभं राहणारं माणूस पाहिजे.’’

मृत्युपत्राबाबत तर हे अगदी व्यवहारातही खरं आहे. आपल्याकडं ते कपाटातून बाहेर कधी येतं? दिवसकार्य झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर. त्यात ‘माझ्यावर कसलेही विधी करू नयेत’ असं लिहिलेलं असेल तर ते वाचेपर्यंत सगळे विधी होऊन दक्षिणाही दिलेली असते. अंत्यविधीच्या इच्छा वेगळ्या कागदावर हव्यात आणि तो कागद फ्रिजवर लावल्यासारखा सगळ्यांच्या नजरेत हवा.

देहदानाचाही विचार झाला. २०१० च्या सुरुवातीला जानेवारीत ज्योती बसू आणि फेब्रुवारीत नानाजी देशमुख गेले. एक कम्युनिस्ट, एक संघाचे, दोघांनीही देहदान केलेलं. आत्याला याचं फार कौतुक. बाकी कशावर नाही तरी यावर एकमत झालं म्हणायची. मी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून अर्ज आणून दिला. अर्ज भरून ठेवला तरी ऐन वेळी नातेवाइकांनीच कळवावं लागतं, काही तासांत देह पोचवावा लागतो, शवविच्छेदन झालेलं असलं किंवा काही संसर्गजन्य आजार असले तर स्वीकारत नाहीत, हे सगळं तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं. अर्ज घडी घालून परत दिला. ‘‘पोरं शिकतील ते खरं. पण मला घाटावर जायचंय.’’ यावर वाद घालायची माझी तयारी होती, पण मी गप्प राहिले. शेवटी देह तिचा होता.

डोळे मात्र द्यायचे ठरले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, चष्मा असला, मधुमेह असला तरी नेत्रदान चालतं, हे तिला डॉक्टरांनी सांगितल्यावर ती एकदम खूश झाली. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात. तोवर घरच्यांनी करायचं ते एवढंच: पापण्या मिटायच्या, त्यावर ओल्या कापसाचा बोळा ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि पंखा बंद ठेवायचा. पंखा बंद, हे तिनं मला दोनदा अधोरेखित करायला लावलं.

कोल्हापुरात घाट म्हणजे पंचगंगा स्मशानभूमी. आमचं घर शुक्रवार पेठेत, तिथून चालत जाण्याइतकं जवळ. ‘शववाहिका मागवू नका, चालायला कुणाला काय धाड भरली आहे?’ अशीही एक नोंद वहीत आहे. इथं महापालिका दहनाचे पैसे घेत नाही. मुंबईतही पालिका ३०० किलो लाकूड फुकट देते, पण कोल्हापूरचं निराळं म्हणजे शेणी, म्हणजे गोवऱ्या. होळीच्या आधी शहरात तालमी, मंडळं आवाहन करतात, की होळी लहान करा आणि शेणी स्मशानभूमीला द्या. लोक ट्रॉल्या भरभरून देतात. एरवी कशावरही भांडणाऱ्या तालमी यात मात्र चढाओढीनं उतरतात. आत्या दर वर्षी शेणी विकत घेऊन द्यायची. ‘‘माझ्या वाटणीच्या कधीच देऊन झाल्यात. कमी पडल्या म्हणाले तर पावती माग.’’

मग तिला पुराची काळजी. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोक्याची. कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही हे आकडे पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. पुरात स्मशानभूमीतही पाणी शिरतं. मग दहन दुसरीकडं. ‘‘पावसाळ्यात गेले तर?’’ मी म्हटलं, नको जाऊस पावसाळ्यात. तिनं तेही गंभीरपणे घेतलं, ‘प्रयत्न करते’ म्हणाली.

कागदपत्रांचं पान मी माझ्या मनानं घातलं, तिला त्यात रस नव्हता. घरी मृत्यू झाला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला लागतो. म्हणून नेहमीच्या डॉक्टरांनी वरचेवर तपासलेलं असणं महत्त्वाचं. कुणीच तपासलेलं नसेल तर मध्यरात्री ओळखी काढत दारोदार फिरावं लागतं. नोंदणीची मुदत २१ दिवस. आधार कार्डाची प्रत, दवाखान्याची फाइल, आणि मृत्यूच्या दाखल्याच्या भरपूर प्रती, कारण बँक, पेन्शन, वीजबिल, गॅस, प्रत्येकाला एक हवीच असते. हे सगळं एका पिशवीत घालून पिशवी देवघराच्या खिळ्याला अडकवली.

आत्या गेली ती मार्गशीर्षात, पहाटे, झोपेत. पाऊस टाळायचा शब्द तिनं पाळला. मी आदल्या रात्रीच आले होते.

वही काढली. डॉक्टर आले, दाखला लिहून गेले. नेत्रपेढीला फोन केला. पापण्यांवर ओला कापूस ठेवला आणि पंखा बंद केला. मग माणसं यायला लागली आणि येणारा प्रत्येक जण, केवळ मायेनं, आत शिरता शिरता पंख्याचं बटण दाबायचा. मार्गशीर्षातल्या थंडीत! मी बंद करायची, पुढचा लावायचा. शेवटी दादा, तोच अर्धा चहा ठेवून उठलेला, खुर्ची घेऊन बटणापाशी बसला आणि नेत्रपेढीची माणसं येऊन जाईपर्यंत जागचा हलला नाही. त्यांचं काम वीस-पंचवीस मिनिटांत झालं. चेहऱ्याकडं बघून काही कळतसुद्धा नव्हतं. आईनं इरकल नेसवलं. कुंकू शेजारच्या काकूंनी लावलं, कुणी काही विचारायच्या आत.

बाहेर अंगणात तात्या तिरडी बांधत होते. गल्लीत मयत झालं की तात्यांना बोलावणं जातं. वय सत्तरीच्या पुढचं, पण हात तयार. १९९३ लाही त्यांनीच बांधली होती, उदबत्त्यांचा पुडाही बहुधा त्यांनीच मागवला होता. दोन ओले बांबू समांतर ठेवले, तिसरा कोयत्यानं उभा चिरून त्याच्या कामट्या केल्या, वितीनं अंतर मोजत आडव्या लावल्या. सुतळीचा वेढा प्रत्येक कामटीवर फुलीसारखा. त्यावर पेंढा पसरायचा. मी उंबऱ्यात उभी राहून बघत होते, कारण आत बघवत नव्हतं.

तेवढ्यात एका चुलत काकांनी विचारलं, मडकं कोण धरतंय? मी म्हटलं, मी. काका थोडे हसले, जसं लहान मुलाला हसतात. म्हणाले, पोरीनं कशाला, पुतण्याला फोन केलाय, तासाभरात येईल, थांबू. दोघंतिघं हो म्हणाले. मी वही आणायला वळले. बातमी, सावित्रीबाई, सगळं तयार होतं माझ्याकडं.

तात्यांनी मान वर केली नाही. सुतळी दातात धरून म्हणाले, ‘‘बाई गेल्या संक्रांतीला घरी येऊन तिळगूळ देऊन गेल्यात. सांगून गेल्यात. मडकं पोरगी धरंल.’’ मग सुतळी ओढून काकांना म्हणाले, ‘‘इथं बोट ठेवा जरा. गाठ मारतो.’’

काकांनी बोट ठेवलं.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. वहीत नोंद नाही. उभं राहणारं माणूस म्हणून तिनं माझ्यावर भरवसा ठेवला होता असं मी धरून चालले होते. तिनं ठेवलाही असेल. पण रीत ज्याच्या हातात आहे त्यालाच जाऊन तिळगूळ देणं, हा तिचा खरा बंदोबस्त. मी वाद घालून फार तर अर्धा तास जिंकला असता. तात्यांच्या एका वाक्यानंतर अंगणात तो विषयच उरला नाही. नंतर कळलं, शेजारच्या काकूंनाही कुंकवाचं असंच सांगून ठेवलं होतं. डॉक्टरांना दर महिन्याला बोलावून घेत होती तेही उगीच नव्हतं.

मडकं जड नसतं. तीन कामट्यांना अडकवलेलं, आत शेणीचा विस्तव. पण चालताना वारा समोरून आला की धूर थेट डोळ्यांत जातो आणि हात बदलता येत नाही. रडू आलं की धुरानं पाणी आलं हे कळत नव्हतं, ते एका अर्थी बरंच झालं. घाटावर खांद्यावर पाण्याचा घडा घेऊन फेरे मारताना तात्या मागून दगडानं एकेक भोक पाडत होते आणि हळू आवाजात सांगत होते, आता उजवीकडं, आता थांब, आता सोड, मागं बघू नको. पुस्तकी तयारी माझी खूप होती. ऐन वेळी त्यांच्या आवाजामागं चालणं एवढंच जमलं.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. राख नदीत सोडायची नाही, असं वहीत होतं: ‘पंचगंगेला आधीच घाण काय थोडी आहे? शेतातल्या आंब्याला घाला.’ तशी घातली. नैवेद्याला पांढरा रस्सा ठेवा म्हणजे कावळ्याला उशीर लागायचा नाही, असंही होतं. ठेवला. कावळे भिंतीवर बसून राहिले आणि रस्सा एका मांजरानं संपवला. ते शिवलं म्हणायचं का यावर तिथंच दोन मतं पडली.

आणि वहीच्या शेवटच्या पानावर, जाड अक्षरात, दोनदा अधोरेखित: ‘भाषणं नकोत.’ आमच्याकडं रक्षाविसर्जनाला माणसं जमली की कुणी ना कुणी श्रद्धांजलीला उभं राहतंच. मी दादाला सांगितलं होतं, दादानं तात्यांना सांगितलं होतं. तरी प्रभागातले एक कार्यकर्ते पांढऱ्या शर्टात पुढं आले, खिशातून कागद काढला आणि बोलायला लागले. आत्या भूगोल शिकवायची म्हणाले. शाळेचं नाव चुकलं. मामांना त्यांनी स्वातंत्र्यसैनिक केलं. मी तात्यांकडं बघितलं. तात्यांनी माझ्याकडं बघून खांदे उडवले. त्या माणसाला तिळगूळ द्यायचा तेवढा राहून गेला होता.